सल्ला हवा: नाशिकहून बाइकवर कांचनबारी, साल्हेर, पालखेड आणि असई

पंचवटीकर

मंडळी, नमस्कार. दोन गाड्या, तीन माणसं. एक क्लासिक ३५० (स्पोकची चाकं, म्हणजे ट्यूबचे टायर) आणि एक एक्सपल्स २०० फोर व्ही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान सलग चार दिवस मिळतील. निघायचं नाशिकहून आणि परत नाशिकलाच. किल्ले पाहूच, पण मुख्य इच्छा आहे लढाया जिथं झाल्या ती जमीन पाहायची. यादी अशी: रामशेज, कांचनबारी, धोडप, साल्हेर, मालेगाव, पालखेड, असई, आणि जमलं तर भातवडी नि खर्डा.

रस्ते कुठून धरावेत, कोणतं ठिकाण कधी पाहावं, तिथं नेमकं काय पाहावं आणि गाड्यांची तयारी काय करावी, हे जाणकारांनी सांगावं. तिघांपैकी दोघांना पंक्चर काढता येत नाही.

सातमाळा

चार दिवसांत ही यादी उरकेल, पण हाती फक्त पाट्यांचे फोटो लागतील. रणभूमी गाडीवरून दिसत नाही. गाडी तिथवर नेते आणि दोन ठिकाणांमधलं अंतर अंगाला कळवते, बाकीचं काम पायांचं आणि नकाशाचं. म्हणून दोन वेगळ्या फेऱ्या करा. उत्तरेची: कांचनबारी, साल्हेर, मालेगाव. पूर्वेची: पालखेड, असई. भातवडी-खर्डा नगरच्या अंगाला आहेत, ते या वेळी सोडा. रामशेज तर यादीतच धरू नका. आशेवाडी पेठ रस्त्यावर शहरापासून पंधराएक किलोमीटरवर आहे, कुठल्याही रविवारी सकाळी जाऊन दुपारच्या आत घरी येता.

उत्तरेच्या फेरीचं सांगतो. उजाडायला निघा. मुंबई-आग्रा महामार्गानं पिंपळगाव बसवंत, मग वडाळीभोई, तिथून डावीकडं वळून धोडांबे. इथं सातमाळेची रांग समोर आडवी उभी राहते. धोडांब्याहून एक वाट हट्टीला जाते, ते धोडपच्या पायथ्याचं गाव. दुसरी पूर्वेकडं खेलदरीला, म्हणजे कांचना किल्ल्याखाली. आधी खेलदरी करा.

१७ ऑक्टोबर १६७० ची कांचनबारीची लढाई याच भागात झाली. काही जण तिला वणी-दिंडोरीची लढाई म्हणतात, म्हणून लोक वणीत जाऊन शोधत बसतात. सुरत दुसऱ्यांदा लुटून महाराज बागलाणातून दक्षिणेकडं येत होते. सातमाळेची भिंत ओलांडायला खिंड लागणारच. मोगल सरदार दाऊदखान चांदवडच्या बाजूनं, म्हणजे पूर्वेकडून आला. हे कळायला एकच करा: खिंडीच्या दक्षिण तोंडाशी उत्तरेकडं तोंड करून उभे राहा. समोरून लुटीचे बैल-घोडे येतायत, उजव्या हाताला चांदवड, पाठीमागं दिंडोरीचं मोकळं मैदान. मुद्देमाल आधी पाठीमागच्या मैदानात काढून द्यायचा आणि लढाऊ फौज उजवीकडं तोंड करून उभी करायची, हा डाव त्या जागी उभं राहिलं की नकाशा न उघडता समजतो. मोगलांच्या आघाडीचा इखलासखान मियाना बाकीची फौज पोचायच्या आत तुटून पडला आणि जखमी झाला. का घाई झाली असेल तेही तिथंच दिसतं: उंचवट्यावरून खालची फौज नजरेत येते, पण मधलं अंतर फसवं आहे.

सकाळी दहाच्या आत तिथं असा. सूर्य पूर्वेकडून तिरपा असतो तेव्हा सोंडा आणि घळी वेगळ्या दिसतात. दुपारी सगळं एकसारखं करडं होतं.

हट्टीला जाऊन धोडप खालूनच पाहा, त्याच दिवशी चढायचा मोह टाळा. चढ-उतार धरून पाच-सहा तास जातात आणि मग साल्हेरचा रस्ता अंधारात येतो. १० जून १७६८ ला थोरल्या माधवरावांनी राघोबादादांचा इथं पाडाव केला, ती झुंज किल्ल्याच्या आसपासच्या मुलखातली. जून म्हणजे पावसाच्या तोंडाशी, आणि हट्टीच्या बाजूला ओढे किती आहेत ते मोजून घ्या.

मग महामार्गावर परत या. सोग्रस फाटा, भावडबारी, देवळा, सटाणा. सटाण्यात दोन्ही टाक्या भरा. पुढं ताहाराबाद, मुल्हेर आणि वाघांबे. संध्याकाळी पाचच्या आत वाघांब्यात किंवा साल्हेरवाडीत पोचायचं असं बांधूनच ठेवा. मुल्हेरच्या पुढं रस्ता अरुंद आहे, वळणावर गुरं बसलेली असतात आणि दिव्याविना ट्रॅक्टर येतात.

दिंडोरीवाली

सातमाळांनी सांगितलं त्यात साल्हेरपुरती भर.

रायडिंगचे बूट घालून साल्हेर चढू नका. तळवा कडक असतो आणि घोटा वळत नाही. कातळातल्या पायऱ्यांवर बारीक मुरूम पसरलेला असतो, उतरताना हमखास घसरतात. साधे ट्रेकिंगचे बूट सॅडलबॅगेत वरच ठेवा. जॅकेट, हेल्मेट, गुडघ्याचे गार्ड गावात ज्या घरी मुक्काम कराल तिथं ठेवायला सांगा, गाडीवर लटकवून जाऊ नका. जेवणाची वर्दी आदल्या दिवशी फोनवर द्या. आयत्या वेळी गेलात तर चूल दुसऱ्यांदा पेटवायला लागते घरातल्या बाईला.

वर १५६७ मीटर उंची आहे, राज्यात कळसूबाईनंतरचं दुसरं शिखर आणि किल्ल्यांमध्ये सर्वांत उंच. माणशी तीन लिटर पाणी घ्या. पहाटे साडेपाचला वाघांब्यातून निघालात तर साल्हेर-सालोटा खिंडीत उन्हं येताना पोचता. खिंडीत घाई करू नका, लढाई समजायची जागा तीच.

फेब्रुवारी १६७२ मध्ये मोगलांनी किल्ल्याला वेढा घातलेला होता. बखरीत म्हटल्याप्रमाणे प्रतापराव गुजर वरघाटानं, म्हणजे घाटमाथ्यावरून आले आणि मोरोपंत पिंगळे कोकणातून चढून. खिंडीतून आणि पुढं माथ्यावरून हे दोन रस्ते बोटानं दाखवता येतात: पश्चिमेला डांगाचं जंगल नि उतार, पूर्वेला मोसम खोऱ्याचा मोकळा पट्टा. वेढा घालून बसलेल्या फौजेचं तोंड किल्ल्याकडं असतं. तिच्या दोन्ही बाजूंनी घोडदळ आलं तर तिला वळायला जागा कुठं उरते, ते वरून बघा. सूर्यराव काकडे इथंच जंबुऱ्याचा गोळा लागून पडले. जंबुरा म्हणजे उंटावरची हलकी तोफ, म्हणजे मोगलांकडं हलवता येण्याजोगा तोफखाना होता आणि तरी उघड्या मैदानात ते हरले. साल्हेरचं मोठेपण या मैदानातल्या लढाईत आहे, आणि लोक परशुरामाचं देऊळ नि गंगासागर तळं पाहून उतरतात याचं फार वाईट वाटतं. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत साल्हेर आहे. गर्दी वाढलीय, शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा.

पंचवटीकर

दोघांचे आभार. उत्तरेची फेरी दोन दिवसांची धरतो. दुसऱ्या दिवशी साल्हेर उतरून मालेगाव करून रात्री नाशिक गाठता येईल का?

मोसमपूल

येईल, पण मालेगाव अर्धवट होईल. हिशेब करा. साल्हेर उतरून बारा-साडेबारा, जेवून एक. सटाण्याला अडीच, मालेगावात पावणेचार. नोव्हेंबरात सहाला अंधार. किल्ला गावाच्या मध्यात आहे, मोसम नदीला लागून, आणि त्या वेळी पुलावर गाडी पुढं सरकत नाही. किल्ल्यात शाळा भरते, त्यामुळं शाळेच्या वेळात गेलात तर आधी परवानगी विचारा. तटावर परस्पर चढू नका.

पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांचा हा भुईकोट. १८१८ च्या मे-जूनमध्ये आतल्या अरब शिबंदीनं इंग्रजांना महिनाभर अडवून धरलं. पहिला हल्ला फसला. पुढं तोफांच्या माऱ्यानं आतलं दारूकोठार उडालं, तेव्हा किल्ला पडला. नदीच्या बाजूनं तट पाहा आणि खंदकाची रुंदी पाहा. भुईकोट इतके दिवस कसा तगला याचं उत्तर तिथं आहे, डोंगरी किल्ल्यांचे नियम इथं लावू नका.

माझं मत: मालेगावात मुक्काम करा, सकाळी सातला किल्ला, नऊला महामार्ग, अकराला नाशिक. ते जमत नसेल तर मालेगाव गाळा आणि सटाण्याहून देवळ्यामार्गे सरळ घर गाठा.

चेनस्प्रॉकेट

आता गाड्यांचं. दोन्ही गाड्यांना ट्यूब आहे हे नीट लक्षात घ्या. बाजारात मिळणारं दोऱ्याचं पंक्चर किट ट्यूबलेससाठी असतं, तुमच्या काही कामाचं नाही. बागलाणात आणि वैजापूर-भोकरदनच्या शेतरस्त्यांवर बाभळीचा काटा हेच पंक्चरचं मुख्य कारण आहे. बांधावरच्या बाभळी छाटल्या की फांद्या रस्त्याकडेला टाकतात. गाडी उभी करायला रस्त्याच्या कडेला मातीत उतरता, तिथंच काटा भरतो.

सोबत काय घ्यायचं: क्लासिकच्या मागच्या १८ इंची चाकाची एक ट्यूब, एक्सपल्सच्या पुढच्या २१ इंची चाकाची एक, तीन टायर लिव्हर, पॅच नि सॉल्यूशन, खरकागद, वॉलचा (ट्यूबमध्ये हवा भरायच्या नळीचा) कोअर काढायची चावी, हवा भरायला १२ व्होल्टचा छोटा पंप, प्रेशर गेज, साबणाच्या पाण्याची लहान बाटली, खडू. दोन्ही गाड्यांच्या पुढच्या-मागच्या एक्सलला बसणारे पाने घरीच लावून पाहा. गाडीबरोबर येणाऱ्या टूलकिटवर विसंबू नका. दुकानात एक्सल जास्त आवळलेला असतो, आखूड पान्यानं सुटत नाही. घरी एकदा सोडवून, मॅन्युअलप्रमाणे आवळून ठेवा.

पंक्चर काढताना क्रम असा. चाक काढायच्या आधी टायरवर वॉलसमोर खडूनं खूण करा. चाक काढताना डाव्या-उजव्या बुशचा मोबाइलवर फोटो घ्या, उलटे बसले तर चाक मध्यात राहत नाही. चाक बाहेर असताना ब्रेक चुकूनही दाबायचा नाही. पिस्टन पुढं सरकतात आणि डिस्क परत आत जात नाही. खबरदारी म्हणून पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवा. एबीएसची वायर ओढली जाणार नाही ते बघा.

ट्यूबमधलं भोक सापडलं की ट्यूब टायरवर तशीच ठेवा, वॉल खडूच्या खुणेशी. भोकासमोर टायरमध्ये काटा असणार. टायरच्या आतून बोट फिरवू नका, फडकं फिरवा, काट्याला अडकतं. बाभळीचा काटा बाहेरून तुटून आत राहतो, आणि तो न काढता नवी ट्यूब घातली की दहा किलोमीटरवर पुन्हा पंक्चर. नव्वद टक्के लोक इथं फसतात आणि ट्यूबला दोष देतात.

पॅच लावताना ट्यूब खरकागदानं खरखरीत करा, सॉल्यूशन पॅचपेक्षा मोठ्या जागेवर पातळ लावा आणि हाताला चिकटणं थांबेपर्यंत थांबा. ओल्या सॉल्यूशनवर पॅच दाबला की तो कडेनं उचलतो, हे लगेच कळत नाही, टायर तापल्यावर कळतं. ट्यूब आत घालताना तिला आकार येईल एवढीच हवा भरा. अगदी रिकामी ट्यूब दुमडते आणि लिव्हरखाली चिमटते. शेवटची कड लिव्हरनं जोर लावून चढवायला लागत असेल तर समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात बसलेली नाही, गुडघ्यानं दाबून ती आत ढकला. मग जोर लागत नाही.

हवेचा आकडा गाडीवरच्या स्टिकरवर एकटा आणि डबलसीट असा वेगवेगळा दिलेला असतो. थंड टायरवर भरा. शेतरस्त्यावर आराम वाटतो म्हणून हवा फार कमी करू नका, ट्यूबच्या टायरला खड्ड्यात रिम आणि दगडामध्ये ट्यूब चिमटून दोन समांतर चिरा पडतात.

चेन: मॅन्युअलमध्ये जेवढा ढील दिलाय तेवढा ठेवा, आणि चाक फिरवून सर्वांत आवळ जागी मोजा. मागं माणूस आणि सामान आलं की स्विंगआर्म दबतो नि चेन आणखी ताणली जाते. घरी घट्ट दिसणारी चेन घाटात गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येते. क्लासिकवर दोघं बसणार असतील तर मागच्या दोन्ही शॉकॲब्झॉर्बरचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) वाढवा, दोन्हीकडं सारखाच. धुळीच्या दिवसानंतर संध्याकाळी चेन पुसून गरम असतानाच लूब लावा, सकाळी लावलं की सगळं मडगार्डवर उडतं.

क्लच केबल प्रत्येक गाडीची एक घ्या, आणि पिशवीत टाकू नका. जुन्या केबलच्या शेजारून तीच वाट धरून टाकून ठेवा, तोंडं टेपनं बंद करा. तुटली की फक्त दोन टोकं जोडायची, टाकी उचलायला नको.

सॅडलबॅग क्लासिकच्या उजव्या बाजूला सायलेन्सरवर टेकते. रिकामी असताना टेकत नाही, भरल्यावर आणि मागं माणूस बसल्यावर टेकते. बॅग सायलेन्सरपासून लांब धरणारी दांडी, म्हणजे सॅडल स्टे लावा.

पंचवटीकर

हे छापून गाडीत ठेवतो. जादा पेट्रोलचा डबा लागेल का?

चेनस्प्रॉकेट

नाही. दोन्ही टाक्या १३ लिटरच्या, तीसचं ॲव्हरेज धरलं तरी साडेतीनशेच्या वर जातात. सटाणा, वैजापूर आणि सिल्लोड इथं भरत राहा. डबा म्हणजे नुसतं वजन आणि धोका.

कादवाकाठ

पूर्वेच्या फेरीत पहिली चूक नाशिककरच करतात: पालखेड म्हटलं की कादवेवरच्या पालखेड धरणावर जातात. लढाईचं पालखेड वैजापूर तालुक्यातलं आहे. नकाशात नुसतं ‘पालखेड’ टाकू नका, पुढं वैजापूर लिहा.

रस्ता: निफाड, विंचूर, येवला, वैजापूर. विंचूर-लासलगावच्या पट्ट्यात लिलावाच्या दिवशी सकाळी आठपासून कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग असते. ट्रॉल्या डुलतात, मागं दिवे नसतात, आणि सांडलेला कांदा चाकाखाली चिरडून रस्ता निसरडा होतो. सात वाजायच्या आत येवल्याच्या पुढं जा.

समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. मोबाइलचा नकाशा चारचाकीवर ठेवला तर तो तुम्हाला तिकडंच नेतो आणि इंटरचेंजवरून माघारी यावं लागतं. नकाशात दुचाकी निवडा.

पालखेडला काय पाहायचं? तोफांची झुंज झालेली जागा शोधू नका. २८ फेब्रुवारी १७२८ ला बाजीरावांनी निजामुल्मुल्काला पेचात पकडलं, ते अन्न, चारा आणि पाणी तोडून. निजामाला बाजीरावांच्या मागं धावताना जड तोफा मागं सोडाव्या लागल्या. म्हणून इथं पाहायचं ते पाणी: ओढे कुठं, विहिरी कुठं, गोदावरी किती लांब. आज जो हिरवा ऊस दिसतो तो कालव्याचा. नांदूर मधमेश्वरचा कालवा मनानं पुसून टाका, मग खाली उरतं ते निजामाचं संकट. फेब्रुवारीच्या शेवटी गेलात तर ओढ्यात बोटभर पाणी नसतं आणि वेगळं काही समजवायला लागत नाही. नोव्हेंबरात जाऊन ही जागा कळत नाही, हे माझं ठाम मत. पुढं ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. ते गोदेकाठचं मुंगी पैठणच्या बाजूला आहे, या फेरीत धरू नका.

कंपू_पलटण

असईवर जरा सविस्तर लिहितो, कारण महाराष्ट्रातली सर्वांत वाचता येण्याजोगी रणभूमी तीच आहे आणि सर्वांत कमी पाहिली जाते.

रस्ता आधी. वैजापूरहून छत्रपती संभाजीनगर, मग फुलंब्री, सिल्लोड, भोकरदन. असई भोकरदनहून पूर्वेला, जाफराबादच्या अंगाला आहे. नाशिकहून एकूण तीनशेच्या जवळपास, म्हणजे पालखेड धरून एका दिवसात दमछाक. मुक्काम सिल्लोडला करा आणि सकाळी उजाडताना निघा.

स्मारक शोधत बसू नका, दोन नद्या शोधा. दक्षिणेला खेळणा, उत्तरेला जुई. दोन्ही पूर्वेकडं जाऊन एकमेकींना मिळतात, मध्ये जिभेसारखी निमुळती जमीन उरते. असई गाव जुईच्या दक्षिण काठावर. २३ सप्टेंबर १८०३ ला शिंद्यांची आणि नागपूरकर भोसल्यांची फौज खेळणेच्या उत्तर काठावर, दक्षिणेकडं तोंड करून पसरली होती. घोडदळ भोकरदनच्या बाजूला, आणि पोलमन या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखालचे शिंद्यांचे कवायती कंपू (युरोपी पद्धतीनं शिकवलेल्या पायदळाच्या पलटणी) पूर्वेला असईकडं. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली दक्षिणेकडून आला. समोरून नदी उतरणं म्हणजे तोफांच्या तोंडी जाणं.

आता पिंपळगावजवळ गाडी लावा आणि नदीकाठी चालत जा. वाटाडे म्हणाले होते की पुढं नदी ओलांडायला उतार नाही. वेलस्लीला दुरून खेळणेच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर दिसली, पिंपळगाव आणि वरूड. एवढ्या जवळ दोन गावं असतील तर मध्ये नदी ओलांडायचा उतार असणारच, असं त्यानं ताडलं, आणि तो होता. काठावर उभे राहून बघा: बाकी ठिकाणी नदीचा काठ खडा आहे, गाडा उतरत नाही. उतार कुठं असावा हे तुम्ही स्वतः ओळखून बघा, दहा मिनिटं लागतील आणि लढाईची किल्ली हातात येईल.

उतरल्यावर तो जिभेच्या टोकाशी, शिंद्यांच्या डाव्या बगलेवर आला. एरवी इथं खेळ संपायला हवा होता. पण पोलमननं अख्खी रांग दक्षिणेवरून पूर्वेकडं काटकोनात वळवली, तोफांसकट, आणि दोन नद्यांच्या मधली जागा पूर्ण अडवली. अशी फिरवाफिरव त्या काळी युरोपातल्या मुरलेल्या पलटणींनाही जड जायची. वेलस्लीला याची अपेक्षा नव्हती. ही जागा दोन्ही नद्यांच्या मध्ये उभं राहून उत्तर-दक्षिण पाहिली की कळते: एका डोळ्यात जुईची झाडी, दुसऱ्यात खेळणेची. एवढ्या रुंदीत दोन फौजा.

मग असई गावाकडं चाला. इंग्रजांची ७४ वी हायलँडर पलटण आणि पुढच्या चौक्यांच्या तुकड्या चुकून फार उजवीकडं, थेट गावाच्या तोफांसमोर गेल्या. तिथली जमीन पाहा, आडोसा म्हणावा असा उंचवटा नाही. ती पलटण जवळजवळ संपली. इंग्रजांच्याच मॅक्सवेलच्या घोडदळानं धाव घेतली म्हणून उरलेले वाचले, आणि पुढं तोही मारला गेला. वेलस्लीचे त्या दिवशी सुमारे १६०० मेले, जखमी झाले नि बेपत्ता झाले, हजर फौजेच्या मानानं हा आकडा भयंकर आहे. शिंद्यांचे गोलंदाज तोफांजवळच कापले गेले, पळाले नाहीत. काही जण मेल्याचं सोंग करून पडून राहिले आणि इंग्रज पुढं गेल्यावर उठून त्यांनी पुन्हा तोफा डागल्या. ही माणसं आपली होती, त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. त्यांच्यासाठी तरी तिथं दोन तास द्या.

कधी जावं: लढाई सप्टेंबरातली, त्यामुळं पाणी पाहायला ऑक्टोबर बरा, पण तेव्हा कपाशी नि मका उभा असतो आणि पन्नास पावलांपलीकडं दिसत नाही. जानेवारीनंतर कपाशी उपटली की मोकळं दिसतं. तुमच्या वेळेत फेब्रुवारी धरा. पालखेडलाही तोच महिना लागू पडतो.

चेनस्प्रॉकेट

असईला जाताना एक गोष्ट: काळी जमीन. अवकाळी सरी येऊन गेल्या असतील तर दोन दिवस शेतरस्त्यात गाडी घालू नका. ती माती टायरला थापली जाते, मडगार्डखाली दबते आणि पुढचं चाक जाम होतं. क्लासिकच्या पुढच्या मडगार्डखाली जागा कमी, ती आधी अडकेल. अडकली तर रेस करून ओढू नका, क्लच जळतो. उतरून काठीनं माती काढा, पुढच्या पन्नास मीटरवर परत काढा, डांबरापर्यंत हाच उद्योग. एक्सपल्सचा पुढचा मडगार्ड उंच आहे, ती निभावेल, पण दोघांना वेगळं करून उपयोग काय?

दिंडोरीवाली

शेतात उतरताना आधी मालकाला विचारा. नुसता आवाज दिला तरी पुरतं, आणि बहुतेक वेळा तेच सोबत येऊन उतार दाखवतात. हरभऱ्यातून चालू नका, बांधानं जा.

पंचवटीकर

गावात जुने तोफगोळे विकायला आणतात असं ऐकलं. घ्यावेत का?

कंपू_पलटण

अजिबात नाही. शंभर वर्षांपलीकडची वस्तू पुरावशेष ठरते, १९७२ चा कायदा आहे. जमिनीत पुरलेलं सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कायदा बाजूला ठेवला तरी नुकसान वेगळंच आहे: गोळा कुठल्या शेतात, कुठल्या बांधाशी सापडला यावरून तोफांची रांग ठरवता येते. जागा पुसली की तो नुसता लोखंडाचा गोळा. दाखवला तर फोटो घ्या, कुठं सापडला ते विचारून नकाशावर टिपा, आणि गोळा त्यांच्याकडंच राहू द्या. मेटल डिटेक्टर घेऊन तर जाऊच नका.

पंचवटीकर

ठरलं ते लिहितो, चुकत असेल तर सांगा. नोव्हेंबरात दोन रात्री: पहिल्या दिवशी खेलदरी, हट्टी, वाघांबे मुक्काम. दुसऱ्या दिवशी साल्हेर, मालेगाव मुक्काम. तिसऱ्या दिवशी सकाळी किल्ला पाहून नाशिक. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात: पहिल्या दिवशी पालखेड करून सिल्लोड, दुसऱ्या दिवशी पूर्ण असई आणि परत सिल्लोड, तिसऱ्या दिवशी नाशिक. डबलसीट क्लासिकवर, सामान बरंचसं एक्सपल्सवर.

सातमाळा

बरोबर. साल्हेरच्या रात्री थंडी जोरात असते, पांघरुणं गावात मिळतात का ते आधीच विचारा. आणि दुसऱ्या दिवशीच्या पायपिटीनंतर मालेगावपर्यंत गाडी हाकायची आहे, तर दुपारी ताहाराबादला अर्धा तास पाय पसरून बसा.

चेनस्प्रॉकेट

सामान एक्सपल्सवर टाकताना जड वस्तू खाली आणि सीटला चिकटून ठेवा, मागच्या कॅरिअरवर उंच बांधू नका, पुढचं चाक हलकं होऊन भावडबारीच्या वळणांवर बाहेर जातं. ट्यूब आणि लिव्हर मात्र तळाशी पुरू नका. आणि निघायच्या आधीच्या रविवारी ज्या दोघांना पंक्चर येत नाही त्यांच्याकडून घरच्या अंगणात एकेक चाक काढून, ट्यूब बाहेर घेऊन, परत बसवून घ्या.